जिभेमागची वाट

सिस्टर, तुमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी केळीच्या पानावर डुकराचं फुप्फुस मांडलेलं होतं आणि आम्ही पोरी नाकाला रुमाल लावून भिंतीला चिकटलो होतो. शेजारच्या आळीतल्या लग्नघरातून तुम्ही ते श्वासनळीसकट मागून आणलं होतं. दवाखान्यातली नोकरी संपल्यावर तुम्ही चर्चच्या हॉलमध्ये प्रथमोपचाराचा वर्ग घ्यायचात, पण फळ्यावरच्या चित्रांवर तुमचा काडीचा विश्वास नव्हता. परसातल्या पपईच्या पानाचा पोकळ देठ तुम्ही नळीत खुपसता आणि फुंकर मारता. तो मलूल गोळा गुलाबी होत फुगतो, आणि मी नाक झाकायचं विसरते. "हात लावून बघा गो, चावत नाही," तुम्ही म्हणता. जिवंतपणी कुणी असं फुंकत नाही, छातीखालचा पडदा खाली उतरतो, जागा होते, म्हणून हवा आत येते, हेही तेव्हाच सांगता. मग नळीच्या तोंडावरचं इवलंसं झाकण बोटानं मिटून दाखवता. घास गिळताना ते मिटतं. बेशुद्ध माणसाचं झाकण राखणीला नसतं आणि जीभ सैल पडून मागची वाट बुजवते. "त्याची जीभ त्याला उचलता येत नाही," तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याचाच हात लागतो."

पुढं वालीवला प्लास्टिकच्या एका कारखान्यात मी पॅकिंगला लागले. एका दुपारी मशीनवरच्या तरुणाला शॉक लागला. आरडाओरडा ऐकून मी पोचले तोवर मेन स्विच कुणीतरी बंद केला होता आणि आपल्याकडे नेहमी होतं तेच चाललं होतं. एकानं त्याचं डोकं मायेनं मांडीवर घेतलेलं, हनुवटी पार छातीला टेकलेली, आणि मुकादम तांब्या घेऊन वाकलेला. "पानी पाजा, पानी! तोंड उघडा त्याचं!" तो बेशुद्ध तरुण घोरत होता. "घोरतोय म्हंजे झोप लागली, बरा हाय," असं कुणी म्हणालं. बेशुद्ध माणसाचं घोरणं म्हणजे वाट अडल्याची खूण, हे त्या गर्दीत मला एकटीला ठाऊक होतं. तेवढ्यात घोरणंही थांबलं. छाती हलत होती, पण तोंडाशी गाल नेला तर वारा लागेना. मी तांब्या ढकलला, त्याला फरशीवर उताणा केला, कपाळ मागं रेटलं आणि हनुवटी वर उचलली. "मान मोडशील गो त्याची!" मुकादम ओरडला. मी सोडली नाही. मग माझ्या गालाला ऊन वाफ लागली. टेम्पोतून दवाखान्यात नेईपर्यंत माझा हात तिथंच होता.

त्याच माणसाशी मी लग्न केलं, सिस्टर. तुम्ही त्याआधीच गेलात, म्हणून हे तुम्हांला कळलंच नाही. संसारातही तो भयंकर घोरायचा. मी अर्धवट झोपेत त्याची हनुवटी वर करायची आणि तो वैतागायचा, "अगं बाई, जिवंत आहे मी, झोप आता." मूल झालं नाही, पण घरात आवाज होता. शेवटी हॉस्पिटलात त्याच्या घशात नळी होती, वाट अगदी मोकळी होती. थकलं ते काळीज. मी खाटेशी हात बांधून उभी होते आणि माझ्या हातांना काहीच काम नव्हतं. तुमचा इतका राग मला कधी आला नव्हता.

आता गोखिवऱ्याला दोन खोल्यांत मी एकटी असते. शेजारी भले आहेत, पण ज्याची त्याची दारं बंद. दिवसभर माझ्याच श्वासाचा आवाज ऐकू येतो आणि नको वाटतो. तुमची फार आठवण येते. हे कागद टाकायला पत्ता नाही, तेव्हा घडी करून कपाटात ठेवीन. पण एक सांगते. बेशुद्ध माणसाजवळ थांबायला कुणी नसेल तर त्याला कुशीवर वळवून, वरचा गुडघा दुमडून ठेवावं, म्हणजे जीभ पुढं पडते आणि वाट उघडी राहते, असं तुम्ही शिकवलं होतंत. मी रोज तशीच झोपते. भाची आली की विचारते, मावशी, उताणी का नाही झोपत? मी तिला सांगते, पाठ दुखते.