वायर काढलेला माऊस

३ जून, मंगळवार

आज बासष्ट मेल! मेल उघडा, जोडलेला फोटो उतरवा, गिऱ्हाइकाच्या नावाच्या फोल्डरात टाका. मग पुढचा. आमच्या कारखान्यात कुणाचाही फोटो वॉल हँगिंगवर विणून मिळतो — आजोबा, आमदार, ट्रॅक्टर, कुत्रा. सगळे आधी माझ्या हाताखालून जातात. रोज पाच तास! प्रोग्रॅमिंग शिकले ते यासाठी?

शंकरप्पा सर, म्हणजे मालक, मागे येऊन उभे राहिले. "तीस तारखेला बघू, तुला कायम करायचं का न्हाय." एवढंच बोलून गेले.

५ जून, गुरुवार

लिहिला! चाळीस ओळींचा प्रोग्रॅम. मेल उघडतो, फोटो काढतो, फोल्डरात ठेवतो, मेलवर 'वाचला' अशी खूण करतो. पाच तासांचं काम चहा निवायच्या आत. लोकांना मेलच्या तळाशी सहीबरोबर चित्रं चिकटवायची हौस — गुलाब, दुकानाची पाटी — तीही सगळी फोल्डरात आली. येऊ देत.

सांगणार मात्र कुणालाच नाही. सरांना कळलं तर म्हणतील, मग तुझी गरज काय? आणि मला ही नोकरी हवी आहे.

९ जून, सोमवार

ईदची सुट्टी संपली. सव्वादहाला काम खलास. आता राबतेय असं दाखवणं हेच मोठं काम. मान चोळायची, उसासा टाकायचा, माऊस टकटक करत राहायचं — वायर काढून, नाहीतर भलतंच काहीतरी उघडतं.

दुपारी सरांनी लिंबू सरबत मागवलं. "लई राबतीस. डोळ्यांना जप." मी दमलेलं तोंड करून प्यायले. लाज वाटली. थोडीशीच.

घरी अम्मी म्हणाली, "इत्ती खुश कायकू है?"

१२ जून, गुरुवार

काही केलं नाही. सरबत.

१८ जून, बुधवार

सरांनी मध्येच विचारलं, "मेल बघतीस न्हवं रोज?" म्हटलं, एकूण एक. ते नुसते हसले आणि ग्लास पुढे सरकवला.

२७ जून, शुक्रवार

मेले.

सकाळी दुधनीहून मायाप्पांचा फोन. त्यांचं आडत दुकान आहे, शाळेच्या कमिटीवरही असतात. मुख्याध्यापिका काशम्मा बाईंचा रविवारी निरोप समारंभ, म्हणून त्यांचा फोटो विणायला दिला होता. "अहो, बाईंच्या जागी बैल हाय की!"

खरंच बैल. सहा रंगांत, झूल पांघरलेला. खाली — 'प्रदीर्घ सेवेबद्दल कृतज्ञ'.

मायाप्पा प्रत्येक मेलच्या तळाशी आपल्या बक्षीसवाल्या बैलाचा फोटो लावतात. दोन्ही फोटोंना त्यांच्या कॉम्प्युटरने एकच नाव दिलेलं. आणि एकाच नावाची दुसरी फाईल आली, की माझा प्रोग्रॅम पहिली पुसून तिथे दुसरी ठेवतो. बाई गेल्या, बैल राहिला. हे मला सुचायला हवं होतं!

डिझाईन करणारा कुमार शांत. "फोल्डरात जे असतंय ते मी विणतो. आन् बैलबी रिटायर होतोच की."

सरांना सगळं सांगून टाकलं. प्रोग्रॅम, माऊस, सरबत — सगळं. रडू येत होतं. ते ओरडले नाहीत. विचारलं, "मेलमध्ये काय लिवलं होतं, वाचलंस का?"

नव्हतं वाचलं. प्रोग्रॅम फोटो काढतो, मजकूर वाचतच नाही. आणि खूण बघून मीही तो मेल पुन्हा उघडला नाही. आत मायाप्पांनी स्पष्ट लिहिलं होतं, 'खालचा बैल आमचा आहे. तो विणू नये.'

२९ जून, रविवार

काल कुमारने सगळं बाजूला ठेवून बाईंना विणलं. आज मी स्वतः एसटीने दुधनीला नेऊन दिलं. काशम्मा बाई म्हणाल्या, "तो बैल कुटं हाय? माझ्यापेक्षा देखणा हाय म्हणं." बैल मायाप्पांनी दुकानात टांगलाय. परत द्यायला तयार नाहीत.

उद्या तीस. सर अजून काहीच बोललेले नाहीत.

३० जून, सोमवार

सकाळपासून जूनचे सगळे मेल वाचतेय. खरंच वाचतेय. अकरा तारखेचा एक सापडला. सरांचा. 'वाचला' अशी खूण असलेला. फोटो नाही, नुसता मजकूर.

'समरा, तुझ्या माऊसची वायर टेबलाखाली लोंबकळते आहे. प्रोग्रॅम झकास आहे. तुला कायम केल्याचं पत्र सही करून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय. हा मेल वाचशील त्या दिवशी येऊन घेऊन जा. तीस तारखेपर्यंत आली नाहीस तर फाडून टाकीन. फोटो उतरवायला प्रोग्रॅम आहे, मला वाचणारं माणूस हवंय.'

साडेपाच वाजलेत. सर सहाला निघतात. केबिनचा पंखा अजून फिरतोय. उठले.