शुक्रवारचा कागद

१९ जून २०१९

प्रिय नेरिस,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. इकडे मी ठीक. गुडघा कुरकुरतो, पण तो गेली दहा वर्षं कुरकुरतोच आहे. यंदा परसात गूजबेरी भरपूर आल्यात. जॅम करायला घेतला आणि निम्म्यावर आल्यावर लक्षात आलं की घरात साखरच नाही. पस्तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पाचशे पोरांना जेवू घातलेल्या बाईची ही तऱ्हा! तुझ्या लाँड्रीत नवीन बाई आली, ती कशी आहे? आधीच्या साहेबीणबाईंसारखी खाष्ट नसली म्हणजे मिळवली.

तुझा येस्टिन आता तुमच्याबरोबर टेबलाशी बसून जेवतो, कुत्र्याला घेऊन डोंगरावर जातो, हे वाचलं आणि पत्र खाली ठेवून मी बराच वेळ रडले. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी ज्या अनोळखी माणसानं त्याला बंदराच्या धक्क्याच्या टोकावरून मागे ओढलं, त्याच्याकडे मी अजून दर आठवड्याला केक घेऊन जाते. तो बिचारा म्हणतो, "बाई, आता पुरे, माझं पोट बघा." मी ऐकत नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. फुटबॉल क्लब त्याला जुलैत परत घ्यायला तयार आहे, आणि तोही हट्टाला पेटलाय. तू लिहिलंस, "पाठवीन तर तुझ्याकडेच पाठवीन. सोळा वर्षांचं पोर परक्या घरात ठेवायचं तर ते घर तुझंच हवं." आणि त्याच्या खाली, "या वेळी मी फोन कमी करीन. क्लबाच्या चौकशी अहवालात म्हटलंय ते खरंच असणार, माझ्या फोनांचंच त्याला दडपण आलं."

हे वाक्य मला गिळता येईना. या पत्राला मी चार उत्तरं लिहिली आणि चारही फाडली. हे पाचवं आहे, आणि ते मी फाडणार नाही.

क्लब लांबच्या पोरांना आमच्यासारख्यांच्या घरी ठेवतो, एवढं तुला ठाऊक आहे. शुक्रवारच्या कागदाबद्दल मी तुला कधी बोलले नाही. दर शुक्रवारी सकाळी घरमालकिणीनं एक कागद भरून द्यायचा. पोरगा जेवतो का, झोपतो का, आणि मन कसं आहे, त्याला दहापैकी गुण. हो, मनाला गुण! कागद जातो लोर्नाकडे. पोरांच्या काळजीसाठी क्लबानं नेमलेली मुलगी ती. चांगली आहे गं, जीव तोडून काम करते. भिंतीभिंतीवर तिनं "बोला, आम्ही ऐकतोय" असे फलक लावलेत. पण तो कागद दुपारच्या बैठकीत प्रशिक्षकासमोर जातो, आणि शनिवारच्या सामन्याचा संघही त्याच बैठकीत ठरतो.

येस्टिनच्या आधी माझ्याकडे डेक्स्टर नावाचा गोलकीपर होता. त्याचं बिनसलं, तेव्हा मी खरं ते लिहिलं. दहापैकी तीन. नळ सोडून अंघोळीच्या खोलीत रडतो, असंही लिहिलं. लोर्नानं फोन करून माझे आभार मानले. प्रशिक्षक म्हणाला, पोराला जरा विश्रांती देऊ. ती विश्रांती पाच शनिवार चालली आणि एप्रिलमध्ये त्याला सांगितलं की पुढच्या वर्षी तुझी जागा नाही. बॅग भरताना तो मला म्हणाला, "तुम्ही चांगल्या मनानंच लिहिलंत, ब्रेंडा." माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. आठवडाभरात क्लबातल्या एकूण एक पोराला कळलं होतं की तीन म्हणजे सामन्याला नुसतं बाकावर बसणं.

येस्टिनलाही ते माहीत होतं. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी मी कागद घेऊन बसले, तर तो समोर येऊन उभा राहिला.

"आठ लिहा."

"आठ? कालपासून तुझ्या पोटात अर्धा टोस्ट गेलाय, आणि तोही बाहेर आला. मी काय आंधळी आहे?"

"बरं, सात लिहा. मोठ्या मनानं सात."

"मी खरं काय ते लिहिणार. लोर्ना मदत करेल तुला."

"करेल ना! पण बाकावर लोर्ना नाही बसणार, मी बसणार. ब्रेंडा, प्लीज. मी तुम्हाला सगळं सांगीन. फक्त तुम्हाला. त्या कागदाला नको."

मी सात लिहिले.

त्यानं शब्द पाळला. मला सगळं सांगायचा. सरावाआधी शेडमागे जाऊन ओकतो, झोप लागत नाही, आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटतं. हो, हेसुद्धा त्यानं मला सांगितलं होतं, ख्रिसमसच्या आधी. मी सूप गरम करून दिलं, पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, पोराला हेच हवंय, मन मोकळं करायला कुणीतरी. आणि शुक्रवारी मी आठ लिहिले.

या कामात मी चांगली तरबेज झाले. सलग आठ दिसले तर कुणाला शंका येईल म्हणून मधेच एखादा सात टाकायचे. एकदा तर "जरा सर्दी आहे" असंही ठोकून दिलं, खरं वाटावं म्हणून. असे तेरा शुक्रवार. तो दारातून ओरडायचा, "आज किती मिळाले, ब्रेंडा?" मी म्हणायचे, "आठ, आणि आता ताट संपव." आम्ही हसायचो, नेरिस. ते हसणंच मला सगळ्यात जास्त खुपतं.

आता तुझ्या फोनाबद्दल. जानेवारीतल्या एका शनिवारी तू मला फोन केलास. म्हणालीस, "गाडी दारात काढून ठेवलीय, ब्रेंडा. त्याचा आवाज मला बरा वाटत नाही. येऊ का घ्यायला? तू सांगशील तसं करते." तेव्हा तो माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. दोन्ही हात वर करून मला आठ बोटं दाखवत होता आणि मान हलवत होता, नको, नको.

मी तुला म्हणाले, "अगं, कशाला पाच तासांची रपेट? खातोय, पितोय. कालच बटाटे दोनदा मागून घेतले." बटाट्यांना त्यानं काटासुद्धा लावला नव्हता. तू सुटकेचा श्वास सोडलास, तो मला ऐकू आला. तू गाडी परत आत लावलीस.

तुझ्या फोनांचं दडपण नव्हतं गं. आई म्हणून तुला कळलं होतं, आणि तुझं कळलेलं मी खोटं पाडलं. अहवालात म्हटलंय, घरमालकिणीच्या नोंदींत काळजीचं काहीच नव्हतं. नव्हतंच, कारण मी ते लिहिलं नाही. माझे कागद पुढे करून क्लब हात झटकून मोकळा झाला, आणि दोष द्यायला उरलीस तू एकटी.

"पोरासाठी केलं" एवढं म्हणून इथे सही केली असती तर मला सोपं गेलं असतं. पण डेक्स्टर गेल्यावर जुलैत सगळ्या घरांत नवी पोरं आली, माझ्याकडे मात्र कुणी आलं नाही. ब्रेंडाच्या घरची पोरं जरा नाजूक निघतात, असं कुणीतरी क्लबात म्हणालं होतं. ऑक्टोबरात दुसरी घरमालकीण आजारी पडली म्हणून येस्टिन माझ्या वाट्याला आला. मधले सहा महिने मी एकटीपुरते दोन बटाटे सोलत होते. माझा नवरा रॉन गेला तेव्हासुद्धा घर इतकं खायला उठलं नव्हतं. पुन्हा तीन लिहिले असते तर हाही गेला असता. मला तो हवा होता, आणि तो जे कुणाला सांगत नाही ते मला सांगतो याचा गर्वही होता. असं आहे ते.

काल मी लोर्नाला भेटले. तेराही शुक्रवारांचे खरे गुण, आठवले तसे, लिहून तिच्या हातात दिले. तिनं ते दोनदा वाचलं. "ब्रेंडा, हे मला वर द्यावं लागेल. तुमचं नाव यादीतून जाईल."

"जाऊ दे. पण प्रशिक्षकासमोर ते कागद कोण ठेवतं, तेही त्यात लिही."

तिनं कागदाची घडी घातली. मग हळूच म्हणाली, "मीच ठेवते."

बैठक अजून तशीच होते, नेरिस. मी विचारलं तिला. जुलैपासूनही तशीच होणार. म्हणजे तुझा पोरगा नव्या घरी जाणार, तिथल्या बाईनं खरं लिहिलं तर बाकावर बसणार, नाहीतर तिला खोटं लिहायला शिकवणार. तो गोड आहे. दोन आठवड्यांत शिकवेल.

म्हणून विनवते, त्याला पाठवू नकोस. माझ्याकडेही नको, दुसऱ्या कुणाकडेही नको. तो आदळआपट करेल, तू माझं आयुष्य बरबाद केलंस म्हणेल, दार लावून बसेल. माझं नाव सांग त्याला. ब्रेंडानं सगळं सांगितलं म्हणावं. कुणाला न सांगण्याचा मी त्याला दिलेला शब्द आज मोडला, तर शिव्याही मलाच मिळू देत. तुझ्या घरात बसून तो मला जन्मभर शिव्या देत राहिला, तर मला त्याहून जास्त काही नको.

हे पत्र आता तुझं. चौकशीवाल्यांना द्यायचं असेल तर जसंच्या तसं दे, त्यातलं एक अक्षरही झाकू नकोस. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होते. चालणार नाही मला, पण द्यावंसं वाटलं नाही तर देऊ नकोस.

"तुझी" असं लिहायचा हक्क मी त्या फोनवरच घालवला, म्हणून नुसतंच,

ब्रेंडा