वेशीचा दगड

लिपोव्हेत्स, १९ एप्रिल १८६८

प्रिय आपोलेनाताई,

तुझं पत्र पोचलं. मुलं गोवरातून उठली हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे सगळं ठीक आहे. बाबांचा खोकला कमी आहे, हंसिणी अंड्यांवर बसल्या आहेत. बेकरीवाली बाई रोज खसखशीचे बन पाठवते, नको म्हटलं तर म्हणते, "इतिहासकारांना नाही देणार तर काय त्या व्हिएन्नावाल्यांना देऊ?" तिकडे व्हिएन्नात तुला राग येईल, पण इथे सध्या अशीच हवा आहे.

प्रागच्या नव्या नाट्यगृहाच्या पायात गावोगावचे दगड बसणार आहेत. आपल्या वेशीचाही जाणार. त्यावर 'चाळीस दिवस' असं कोरलंय, बाबांच्या पुस्तकातून. त्या जुन्या वेढ्यात सम्राटाच्या फौजेला आपण चाळीस दिवस वेशीबाहेर रोखलं, म्हणजे आपण कोणीतरी आहोत, असं आता शाळेतली पोरंही घोकतात.

तू विचारतेस, तुझ्याकडे कधी येतेस. चार वर्षं टाळते आहे, आज सांगून टाकते.

बाबांची नजर परत येणार नाही असं डॉक्टर सांगून गेले, त्याच दुपारी ते म्हणाले, "रोझारा, बखरीतलं वेढ्याचं पान काढ." गावची बखर लॅटिनमध्ये, आणि लॅटिन मला त्यांनीच शिकवलेलं. पानावर लिहिलं होतं की तिसऱ्याच दिवशी वेस उघडली आणि नगरप्रमुख भाजलेला हंस घेऊन सेनापतीला सामोरा गेला. बाबा खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. माझ्याच्यानं वाचवेना. मी म्हटलं, "चाळीस दिवस." ते रडले गं, आनंदानं. मग मी थांबलेच नाही. बाबांच्या पुस्तकातल्या, तटावरून उकळतं पाणी ओतणाऱ्या बायकासुद्धा माझ्याच.

तेव्हापासून दुसऱ्या कुणाला बखर वाचू दिली नाही. लुकाशनं दोनदा मागणी घातली, दोनदा नाही म्हटलं.

आता नाट्यगृहाच्या दगडासाठी नेमलेल्या समितीचे चिटणीस झ्देबोर्स्की म्हणतात, "मी वाचत जाईन बाबांना. तुम्ही जरा बहिणीकडे जाऊन या." बखर बघायला ते उद्या येणार. म्हणून मंगळवारी मी ते पान कापलं. वाटलं, सुटले! पेटीही भरली.

काल बाबांनी बखर मांडीवर घेतली आणि शिवणीवरून बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं.

"इथलं पान कुठे गेलं?"

"उंदरांनी खाल्लं असेल," मी म्हटलं.

त्यांनी बखर मिटली. मग म्हणाले, "खाऊ देत. तिसऱ्या दिवसावरच थांबलो असतो, तर माझं पुस्तकच झालं नसतं."

तिसऱ्या दिवसाचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, ताई. कधीपासून माहीत आहे, ते विचारायचा धीर झाला नाही.

मग माझा हात धरून म्हणाले, "आता ते पान फक्त तुझ्या तोंडात आहे, पोरी. तू कुठे जायचं नाहीस. चल, पहिल्यापासून म्हण."

मी म्हटलं. उकळतं पाणीसुद्धा सोडलं नाही.

पान या पत्रासोबत पाठवते आहे. जाळू नकोस, कुणाला दाखवूही नकोस. खरं काय झालं ते निदान तुझ्या घरात राहू दे. मुलांना सांग, मावशी येणार होती.

पेटी रिकामी करायला घेतलेली,
तुझी रोझारा