बिनदुधाचं चॉकलेट

शनिवार पेठ, पुणे
३ फेब्रुवारी २०२५

चि. तनयास अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर आपण दोघी दुसऱ्या मिनिटाला भांडतो, म्हणून हा कागद. माझ्या आमोदशी घटस्फोट झाल्यावरही तू दर रविवारी शुभंकरला आजीकडे पाठवतेस, हे मी विसरत नाही. काल तो म्हणाला की वर्गात सगळ्यांच्या डब्यात चॉकलेटच्या कुकीज असतात, फक्त त्यालाच चालत नाहीत. मी करून देईन असा शब्द देऊन बसले.

त्याला दूध वर्ज्य, हे आता पक्कं ध्यानात आहे. रविवार पेठेतून डार्क चॉकलेटची लादी आणली आहे. वर हिरवा ठिपका आहे, तेव्हा काळजी नको. लोण्याऐवजी तेल घालीन. तुझी परवानगी हवी. चाळीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला ती मागावी लागते, असो.

लोभ उरला असेल तेवढा राहू दे.
आनंदी

खराडी, ६ फेब्रुवारी

ती. आईंस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. दूधही शाकाहारीच असतं, आई! मागची बारीक अक्षरं वाचा. डार्क म्हणून विकलेल्या स्वस्त लाद्यांतही दुधाची भुकटी असते. ज्यात फक्त कोको, कोको बटर आणि साखर आहे, आणि दुधाचा अंशही नाही असं छापलंय, तेच घ्या. कोको बटर बियांमधून निघतं, ते चालतं.

दिवाळीत तुम्ही म्हणाला होतात की चमचाभर तुपानं काय होतंय. त्या एका लाडवानं त्याचा घसा सुजला आणि मी दोन दिवस दवाखान्यात त्याच्या उशाशी बसले. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, ठाऊक आहे. पण पुन्हा असं झालं तर रविवार बंद होतील.

राग आला तरी उत्तर लिहा.
तनया

शनिवार पेठ, १७ फेब्रुवारी

चि. तनयास अनेक आशीर्वाद.

राग आलाच होता. भिंग घेऊन लादी वाचली, तेव्हा उतरला. दुधाची भुकटी साखरेच्या पाठोपाठच होती. तुला न विचारता केलं असतं तर, या विचारानं दोन दिवस घास उतरला नाही. मग चार दुकानं फिरले. एका दुकानदारानं विचारलं की आजी, चॉकलेट घेताय की माझी परीक्षा? शेवटी कॅम्पात तू सांगितलेलं मिळालं. वेष्टनाचा फोटो पाहून तू होकार कळवलास. ट्रे, भांडं, चमचे सगळं नवं आणलं.

काल कुकीज छान झाल्या. शुभंकरनं बशी हळूच मागे सरकवली. म्हणाला की आजीकडचं खायला त्याला भीती वाटते, पण हे आईला सांगायचं नाही. मी आग्रह केला नाही. ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. जन्मभर लोकांना वाढलं गं, आणि नातवाला माझ्या हातची भीती वाटते. फार लागलं. तरी तुझ्यापासून आता काही लपवणार नाही. वाटलं तर रविवार थांबव.

तुझी माया त्याला पुरून उरो.
आनंदी

खराडी, २० फेब्रुवारी

ती. आईंस सा. न. वि. वि.

रविवार थांबणार नाहीत. ती भीती त्याला मीच घातलीय. दिवाळीपासून दर रविवारी रिक्षातून उतरवताना मी त्याला बजावते की आजीकडे पाण्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. हे तुम्हाला सांगायचं धैर्य झालं नव्हतं. माफ करा.

येत्या रविवारी त्याला खाली सोडून मी परत फिरणार नाही. दोन वर्षांनी तुमचा जिना चढेन. कुकीज करून ठेवा. त्याच्यासमोर पहिली मी खाईन. माझ्या खाण्यानं त्याची ॲलर्जी जात नाही, पण आई आजीच्या हातचं खाते, एवढं त्याला दिसू दे.

आशीर्वाद असू द्यावा.
तनया