हत्शेपसुत आणि कराडची माई

क्रेगीबर्न, मेलबर्न
१९ सप्टेंबर २०२०

चि. प्रताप,

सॅनिटायझर लावलेल्या हातांनी आशीर्वाद. मी आणि भास्कर बरे आहोत. तू, मयूरा आणि नीरजाही मजेत असाल. सिडनीत सगळं उघडं आहे हे तू दर फोनमध्ये सांगतोस, त्यामुळे वेगळं विचारत नाही.

आधी आमच्यावरचा अन्याय लिहून ठेवते. सरकारने घरापासून पाच किलोमीटरची हद्द आखून दिली आहे. हद्दीच्या आत गाड्यांचे टायर विकणारी दुकानं भरपूर. कढीपत्ता विकणारं एकमेव दुकान मात्र हद्दीवर. भास्करने नकाशावर पुन्हापुन्हा मोजलं आणि निकाल दिला, "सुनेत्रा, त्यांच्या पार्किंगपर्यंत आपण कायदेशीर आहोत. दरवाजा बेकायदेशीर." महिनाभर आमटी बिनकढीपत्त्याची चालली आहे. इतिहासाने याची दखल घ्यावी.

फोन सोडून पत्र लिहिते, कारण फोनवर मी जरा मुद्द्याकडे वळले की तुझी मीटिंग सुरू होते. कागदाला मीटिंग नसते.

नीरजाला यंदा इतिहासात इजिप्त आहे, हे तुला माहीत असेलच. तिने प्रोजेक्टला हत्शेपसुत नावाची राणी घेतली आणि मला व्हिडिओवर गाठलं. "आत्या, यू आर गुड ॲट बीइंग मीन अबाउट पीपल. हेल्प मी." इतकं सरळ कौतुक आपल्या घराण्यात कुणी केलेलं नाही. मी लगेच कामाला लागले.

तर ही बाई साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. नवरा, म्हणजे राजा, लवकर गेला. गादीचा वारस सवतीचा मुलगा, तोही अगदी तान्हा. बाईने त्याच्या नावाने कारभार हातात घेतला. काही वर्षांनी तिच्या लक्षात आलं असावं की काम राजाचं करायचं आणि मान राणीचा घ्यायचा, हा घाट्याचा व्यवहार आहे. तिने स्वतःला राजाच जाहीर केलं. पुतळ्यांवर राजाची खोटी दाढीसुद्धा चढवली. देवळं बांधली, लांबच्या पुंत देशाला जहाजं पाठवली आणि धुपाची झाडं मुळांसकट टोपल्यांत घालून आणवली. सावत्र मुलगा सुखरूप वाढला, तिच्यामागे गाजलेला राजा झाला. आणि ती जाऊन वीसेक वर्षं झाल्यावर त्याने देवळांत छिन्नीवाले पाठवून भिंतींवरून तिचं नाव आणि चित्रं खरवडून काढली.

"सो ही हेटेड हर?" नीरजाने विचारलं.

मी म्हटलं, "राग असता तर इतकी वर्षं थांबला असता का? बरेच अभ्यासक म्हणतात, त्याला फक्त वंशावळ सरळ दिसायला हवी होती. बाप, मुलगा, नातू. मध्ये बाई आली की पुढच्या लोकांची पंचाईत."

"दॅट्स वर्स," ती म्हणाली.

मी लगेच मान्य केलं. आमच्या घरात ही बातमी आहे.

मग तिने विचारलं, "बाबाला पण स्टेप-मम होती ना? कराडवाली? तिचं नाव काय?"

"माई."

"नो, हर रिअल नेम."

प्रताप, तुझ्या मुलीला इजिप्तच्या राणीचं नाव स्पेलिंगसकट येतं.

मी नाव सांगितलं. पुढचंही सांगितलं, तुला न विचारता. आई गेली तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. पुढच्या वर्षी माई आली. बोहल्यावर तिच्या गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारी आईचा टाक घातला होता. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली एक बाई, जी आईसारखी अजिबात दिसत नव्हती. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीला असं गळ्यात घालूनच घरात यायचं, ही आपल्याकडची रीत. नंतर तो टाक देवघरात गेला, आणि माई शेवटपर्यंत रोज त्याला हळदकुंकू वाहायची. नैवेद्याचं ताट आलं की, "थोरल्या बाईंना आधी." कधी न पाहिलेल्या बाईला.

नीरजाला हे समजावताना घाम फुटला. "सो शी वोअर युअर मम? अराउंड हर नेक?" हो बाई. तसंच.

बाबा गेले तेव्हा तू शाळेत होतास. त्यांच्या छापखान्यावर पाटी लागली 'प्रताप मुद्रणालय', आणि खुर्चीत बसली माई. बाबांचं घड्याळ तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरायचं. फक्त दाढी लावायची राहिली होती. राजीवमामा सांगायला आले, "बाईमाणसाला हे शोभत नाही." ती म्हणाली, "मग तुम्ही या. सकाळी सातला शटर उघडतं." मामा आले नाहीत. माई कोल्हापूरला गेली आणि जुनं ऑफसेट मशीन ट्रकमध्ये घालून, स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून घेऊन आली. त्या मशीनवर गावाच्या लग्नपत्रिका छापून तिने तुला इंजिनिअर केलं आणि मला उजवलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

बाबांच्या तिथीचा महालय तू यंदा ऑनलाइन केलास आणि सगळ्यांना लिंक पाठवलीस. एरवी तुझ्या केलीव्हिलच्या घरात पाटावर काय होतं, हे मला कळायचं कारण नव्हतं. साथीच्या कृपेने पहिल्यांदाच पुढच्या रांगेत जागा मिळाली. विनय गुरुजी आठवडाभर नोकरीत सॉफ्टवेअर तपासतात, त्यामुळे श्राद्धातही काही सुटू देत नाहीत. वडील, आजोबा, पणजोबा झाले. आई, आजी, पणजी झाल्या. मग त्यांनी विचारलं, "सापत्न माता? असल्यास नाव सांगा."

राजीवमामा कराडहून स्क्रीनवर होते. कपाळ आणि चष्मा तेवढा दिसत होता. तू आधी त्या चौकोनाकडे पाहिलंस. मग म्हणालास, "नाही. पुढे घ्या."

मी म्यूटवर होते. बरंच झालं.

नीरजाने मला त्या देवळातला एक फोटो दाखवला होता. छिन्नीवाल्यांनी कडेकडेने इतकं नेटकं काम केलंय की भिंतीवर राणीच्याच आकाराचा खड्डा उरलाय. "आत्या, यू कॅन टोटली सी हर." 'नाही' म्हणायच्या आधी तू थांबलास ना, तेव्हा मला माई तशीच दिसली.

मामांसाठी म्हणालास, हे मला कळतं. त्यांची बहीण गेली, तिच्या जागी दुसरी आली. त्यांनी माईच्या हातचं पाणी कधी घेतलं नाही. आता म्हातारे झालेत, एकटे आहेत, त्यांना कशाला दुखवायचं, असा तुझा विचार. तुझा माईवर राग नाही. तिचा ताप उतरावा म्हणून तू मारुतीला एकट्याने नारळ फोडून आला होतास, ते मी विसरलेले नाही. म्हणून तर हे सगळं इतकं जड जातंय. रागावलेल्या माणसाशी मला भांडता येतं.

परवा सर्वपित्री अमावस्या होती. राहून गेलेल्यांचा दिवस. सकाळी मी विनय गुरुजींना फोन केला.

"गुरुजी, परवाच्या महालयात प्रतापकडून एक नाव सांगायचं राहिलं."

ते म्हणाले, "राहतं ताई. आज आर्वोला एक स्लॉट आहे." दुपारला दुपार म्हणणं इथे गुरुजींनीही सोडलंय. "कर्ता कोण?"

"कर्ता प्रतापच. त्याला मीटिंग आहे. त्याच्या वतीने मी बसते."

"चालेल."

भास्करने लॅपटॉप धरला. तीळ होते, दर्भ नव्हता. गुरुजी म्हणाले, अंगणातलं गवत घ्या. नीरजा शाळेतून आली होती, तीही लिंकवर आली. तू वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होतास. खाली तुझ्या मुलीने गुरुजींच्या मागोमाग माईचं खरं नाव म्हटलं, तिच्या उच्चारात, ट आणि त एक करून. गुरुजींनी दुरुस्त केलं नाही. मीही नाही.

मामांना यातलं काही कळणार नाही. पुढच्या वर्षी गुरुजी विचारतील तेव्हा काय सांगायचं, ते तू ठरव.

संकल्पात तुझं नाव आहे. दक्षिणाही तुझ्याच नावाने पाठवली. ती मला परत करू नकोस, घेणार नाही.

चित्रलेखाची मुलगी,
तुझी ताई