नाव इचारलं तं

१२ नोव्हें., बुध.
दवाखान्यात पाचवी खेप. बोलनं शिकवनारी मॅडम म्हणते, "काकू, काका घरी जे बोलतील ते रोज लिहून ठेवा." घ्या, लिहून राहिली. आजचे शब्द: पानी, च्या, हट. लकवा मारून तीन महिने झाले. हात उठला, पाय उठला, जीभ तेवढी अडून बसली.
मॅडमनं चित्रं दाखवली. त्यात अननस! आंधळगावात कोन खाते बाप्पा अननस? मंग माह्याकडे बोट केलं, "या कोण? यांचं नाव सांगा." हे मुंडी खाली घालून बसले. तीनदा इचारलं. शेवटी तिनं कागदावर लिहिलं, 'पत्नीचे नाव सांगता येत नाही.'

१३ नोव्हें.
पोरानं, संजयनं, तो कागद वाचला. वरठीच्या कारखान्यात दर बुधवारी सुट्टी मागून थकला बिचारा. म्हणते, "आई, बाबाले तुह्यं नावच आठवत नाही. तुले वळखत नाहीत ते. कायले नेऊन राहिलो आपन? पुढचा बुधवार शेवटचा. मंग बंद."
म्हटलं, अरे, तेहतीस वर्षांत कधी घेतलं त्यायनं माह्यं नाव? 'अवं' म्हनत. माह्यं 'अजी'. झालं.
"मंग मॅडमले सांग नं तसं."
हे कसं सांगू पोरीच्या वयाच्या बाईले! 
पन आता मनात किडा शिरला. खरंच इसरले असतील तं?

१५ नोव्हें., शनि.
यायले मागाजवळ नेऊन बसवलं. आडवं सूत फेकाचा लाकडी धोटा हातात देल्ला. एकदम बोलले, "धोटा!" साफ. मले रडूच आलं. आजवर किती कोशाच्या रेशमी साड्या विनल्या त्या हातानं. धोट्याचं नाव येते, बायकोचं नाही. लाकडाचा हेवा वाटला, खोटं कायले लिहू.

१७ नोव्हें.
दुपारी घरी कोनी नव्हतं. दार लोटलं, समोर बसली. "अजी, म्हना, गिरजा." माह्यंच नाव, पन बोलाच्या आधी दाराकडे पाहून घेतलं. यायनं पाहिलं माह्याकडे. आन् टावेलानं तोंड झाकलं. कान लालभडक. हसून राहिले होते! लगनात उखान्यासाठी बायांनी घेरलं तवाही असेच पळाले होते मांडवातून.
येते यायले. येते! लाजतात फक्त. पन संजयच्या हातात कागद आहे, आन् कागदावर लाज लिहिली नाही.

१८ नोव्हें.
मॅडमले फोन केला. सारं सांगून टाकलं. ती म्हणाली, "काकू, चूक माझी. 'सांगितलं नाही' एवढंच लिहायला हवं होतं मी. उद्या सगळ्यांना बाहेर पाठवून विचारते. तुम्हालाही. चालेल?"
चालेल म्हटलं. फोन ठेवल्यावर समजलं, काय कबूल करून बसली ते.

१९ नोव्हें., बुध.
दार लागलं. मी आन् संजय बाहेर बाकावर. नंबर पुकारनारा काही थांबेना. उठून दाराले कान लावला तं संजयनं हात धरून बसवलं, "आई, लोकं पाहून राहिले नं!"
मॅडम बाहेर आली. "घेतलं नाव! हळू, पण स्पष्ट." नवा कागद देल्ला. संजयनं दोनदा वाचला. म्हणते, "पुढच्या बुधवारची सुट्टी आजच सांगून ठेवतो." डोळे पुसत होता गधडा.
चांगलं झालं. लय चांगलं झालं. पन आयकलं कोनी? परक्या पोरीनं. तेहतीस वर्षं भात मी रांधला, आन् आयकलं तिनं.
गाडीत हळूच इचारलं, "अजी, काय म्हटलं आतमधी? मले बी एकदा आयकू द्या नं." ते खिडकीतून कापलेलं धान पाहत राहिले. वरठी गेली, मोहाडी गेली. टावेल तोंडाशीच.
आता पाच वाजले. ते मागाजवळ बसून आहेत, मी सैपाकघरात. चटनी वाटाची आहे, पन मिक्सर लय आवाज करते, लावला नाही अजून.