विरजणाचा साठा

३ एप्रिल, बिबवेवाडी
नोकरीतलं माझं पहिलं दुकान! दत्तोबांची डेअरी. मी इथे बसवलेलं वजन-बिलाचं मशीन नीट चाललं तर कंपनी मला कायम करणार, नाहीतर गाशा गुंडाळून परत गावी, मांजरीला. मशीन झकास आहे. काट्यावर काही ठेवलं की वजन थेट क्लाउडवर जातं, बिल निघतं आणि उरलेला साठा मला खोलीवर बसून मोबाइलवर दिसतो. दत्तोबांनी सगळं शांतपणे ऐकून विचारलं, "बिघडलं तर कोन येनार, ढग का तुमी?"
दुकानात आंबूस वास मात्र फार. पंख्याचं बटणसुद्धा चिकट.

४ एप्रिल
मशीनमध्ये मालाची यादी भरली. प्रत्येक वस्तूला बाद होण्याची तारीख लागते. विरजणाला घालू नका, असा दत्तोबांचा हट्ट. त्यांच्या आईनं, मथुराबाईंनी लावलेलं ते विरजण आजवर तुटलेलं नाही. कालच्या दह्यातला चमचा आजच्या दुधात. त्या गेल्या त्या दिवशीही आधी दूध विरजलं, मग त्यांना हलवलं. हे कौतुकानं सांगितलं! बरं बाबा, तारीख रिकामी. वर तंबी, की दिवेलागणीनंतर विरजण कुणाला द्यायचं नाही.
संध्याकाळी ते देवळात गेल्यावर चाचणीसाठी माझ्याच नावावर वाटीभर विरजणाचं बिल केलं. बाहेर दिवे लागले होते. मशीनला काय त्याचं? वाटी वाया कशाला, म्हणून खाल्ली. तळाशी लांब पांढरा केस. शी!

६ एप्रिल
दुपारी दुकान बंद, शटर खाली. मी खोलीवर जेवत होते आणि मोबाइल वाजला. विरजणाचा साठा वाढलाय, पुढे माझं नाव. दत्तोबा म्हणतात, मशीन तुमचं, तुम्हीच बघा.
घामाला आंबूस वास येतोय. पुन्हा अंघोळ केली. जात नाही.

९ एप्रिल
साठा रोज वाढतोय. विरजण यादीतून काढून टाकलं, परत आलं.
थुंकी घट्ट झालीय, तार धरते. पाठ पुसली तर टॉवेलला साय — जाड, पिवळट. माझीच मला किळस येते.

१० एप्रिल
दत्तोबांना वाटीचं सांगितलं. रागावले नाहीत. त्या दिवसापासून दुकानात दही लागत नाही, दूध नुसतं नासतंय म्हणाले. विरजण दुधात लावायचं असतं, तुम्ही पोटात लावलंत. मग माझ्याकडे बघत राहिले. भांड्याकडे बघावं तसे.

१२ एप्रिल
उठवत नाही. हललं की आत काहीतरी फुटतं — पाणी सुटतं — गादी ओली, आंबट —
साठा पाहिला. माझ्या वजनाइतका. बाद होण्याची तारीख रिकामी. मीच ठेवली ना —

दुपार
जिन्यात दुधाचं कॅन आपटलं. दत्तोबा. दाराबाहेरून आर्जव करताहेत. जास्त नको, एकच चमचा. दिवे लागायच्या आत द्या. उद्या पुन्हा येईन म्हणतात, परवा पुन्हा — कडी मी लावली होती, पण ती सरकतेय —